माणूस ठेवायची वेळ : ज्येष्ठांच्या घरगुती शुश्रूषेच्या प्रश्नाचा आढावा

पुण्या-मुंबईत एखाद्या ब्युरोला फोन लावला की पलीकडून ठरलेले प्रश्न येतात. पेशंट लेडीज की जेंट्स? चालतं-फिरतं आहे की बेडवर? डायपर लागतो का? वजन किती? बारा तासांची बाई हवी की चोवीस तासांची? दोन मिनिटांत दर ठरतो, डिपॉझिट सांगितले जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एखाद्या मावशी किंवा मामा पिशवी घेऊन दारात उभे राहतात. हा फोन करायचा की नाही, यावर मात्र कुटुंबाने महिनोन्‌महिने घोळ घातलेला असतो. आईला खरेच कोणाची गरज आहे, की आपणच धास्तावलो आहोत? ती ‘नको’ म्हणते ते मानायचे का? भाऊ म्हणतो अजून वेळ आहे, बहीण म्हणते आधीच उशीर झालाय. दोघांपैकी कोणाचे बरोबर?

गेल्या साठ वर्षांत वृद्धोपचार, परिचर्या, समाजशास्त्र आणि कायदा या सगळ्यांनीच या प्रश्नाला हात घातला आहे. काही बाबतींत आता बऱ्यापैकी एकमत आहे, काही बाबतींत दोन्ही बाजूंना वजन असलेले मतभेद आहेत आणि काही प्रश्न अजून अधांतरीच आहेत. हा आढावा त्याच क्रमाने घेतला आहे.

पार्श्वभूमी

२०११च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले सुमारे १० कोटी ३८ लाख लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, गोव्यात ११.२ टक्के आणि केरळमध्ये १२.६ टक्के होते. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३च्या अहवालानुसार २०५०पर्यंत दर पाच भारतीयांमागे एक जण ज्येष्ठ असेल.

संख्येपेक्षा महत्त्वाचे आहे ते त्या वयातले परावलंबन. देवनारच्याच संस्थेने २०१७-१८मध्ये ‘लासी’ या दीर्घकालीन पाहणीची पहिली फेरी केली आणि ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांना गाठले. साठीपुढच्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला अंघोळ, कपडे, उठबस अशा क्रियांपैकी निदान एकीत अडचण होती. स्वयंपाक, खरेदी, औषधे, पैशांचे व्यवहार यांपैकी एखादे काम जड जाणारे जवळपास निम्मे होते. या पाहणीला जोडून स्मृतिभ्रंशाचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३मध्ये आले : साठीपुढच्यांत प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे.

‘पूर्वी एकत्र कुटुंबात हा प्रश्नच नव्हता’ असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. प्रश्न होता, पण सून, थोरली लेक किंवा घरात राहणारी विधवा आत्या तो निमूट निस्तरत असे, आणि त्या कामाची मोजदाद कोणी ठेवत नसे. मधल्या काळात तीन गोष्टी बदलल्या. सुना-लेकी नोकरीला लागल्या. मुले हिंजवडी, बंगळुरू, न्यू जर्सीला गेली. आणि पक्षाघात किंवा खुब्याच्या हाडाचे फ्रॅक्चर यांतून माणसे वाचू लागली, पण त्यानंतरची अशक्तपणाची वर्षे लांबली. शिवाय रुग्णालये लवकर घरी सोडतात. कॅथेटर किंवा नाकातल्या नळीसकट घरी आलेल्या माणसाचे करायचे ते घरच्यांनीच. ब्युरोंचा धंदा वाढला तो या बदलांमुळे.

मोजपट्ट्या कशा घडल्या

गरज ओळखण्याचे शास्त्र सुरू झाले ते मोजपट्टीपासून. अमेरिकेत क्लीव्हलँडला डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांचे सहकारी खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांचे निरीक्षण करत होते. १९६३मध्ये त्यांनी सहा क्रियांची यादी मांडली : अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, खाटेवरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरचा ताबा आणि हाताने जेवणे. या क्रिया ढोबळमानाने याच क्रमाने जातात आणि माणूस सुधारू लागला की उलट क्रमाने परत येतात, असे त्यांना दिसले. म्हणून आजही वृद्धोपचारतज्ज्ञ पहिला प्रश्न अंघोळीचा विचारतात.

१९६९मध्ये पॉवेल लॉटन आणि एलेन ब्रॉडी यांनी दुसरी, वरच्या पायरीवरची यादी दिली : फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणे, प्रवास, औषधे आणि पैसे. शरीर आणि बुद्धी दोन्ही शाबूत असावे लागते अशी ही कामे, म्हणून ती आधी ढासळतात. या यादीत एक अडचण सुरुवातीपासूनच होती. पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुणे यांचे गुण मूळ पद्धतीत दिलेच जात नसत. आपल्याकडे हा पेच दोन्ही बाजूंनी पडतो. आयुष्यात कधी चहा न केलेले निवृत्त हेडमास्तर आणि कधी बँकेची पायरी न चढलेल्या आजी, या दोघांनाही एखादे काम ‘जमत नाही’ म्हणून गुण कापले, तर निघणारा निष्कर्ष फसवा असतो.

भारतीय परिस्थितीला धरून झालेला एक प्रयत्न नोंदवायला हवा. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी निरक्षर ज्येष्ठांसाठी रोजच्या क्षमतांची एक प्रश्नावली बनवली. ती १९९९मध्ये प्रसिद्ध झाली. सणवार लक्षात राहतात का, सांगितलेला निरोप पोचवला जातो का, गावातल्या गावात वाट चुकते का, लग्नकार्यासारख्या घरच्या बाबतीत मत देता येते का, असे प्रश्न घरच्यांना विचारायचे. चेकबुक आणि टेलिफोन डिरेक्टरी यांपेक्षा हे आपल्या जगण्याच्या कितीतरी जवळचे होते.

विचाराला खरे वळण १९९४मध्ये मिळाले. लोईस व्हरब्रुग आणि अॅलन जेट यांनी मांडले की परावलंबन हा केवळ शरीराचा गुण नव्हे; माणसाची ताकद आणि भोवतालची मागणी यांच्यातले ते अंतर आहे. गिरगावातल्या चाळीत गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास आहे आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत लाकडी जिना. तेच गुडघे घेऊन त्याच आजी कमोड आणि लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये राहिल्या तर कदाचित त्यांना कोणीच लागणार नाही. हे अंतर दोन्हीकडून कमी करता येते : माणसाची ताकद वाढवून किंवा घराची मागणी घटवून. बाहेरची मदत हा तिसरा मार्ग. आजचे बहुतेक वाद या तिन्हींपैकी कोणता आधी, याचेच आहेत.

ज्यांवर एकमत आहे अशा खुणा

पहिली गोष्ट म्हणजे तुलना शेजारच्या काकूंशी करायची नाही. त्याच व्यक्तीच्या वर्षभरापूर्वीच्या वागण्याशी करायची. लिंडा फ्रीड यांच्या अभ्यासात ज्या वृद्ध स्त्रिया ‘मला काही त्रास नाही’ म्हणत होत्या, पण एखादे काम करण्याची रीत ज्यांनी बदलली होती, त्यांना पुढे अडचण येण्याची शक्यता जास्त दिसली. आपल्या घरांत हा बदल कसा दिसतो? पाचवारी सुटते आणि दिवसभर गाऊन राहतो. पोळ्यांऐवजी रोज भातच होतो. मंडई बंद होते आणि भाजी खालच्या टपरीवरून येते. जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरला जातो. विचारले तर उत्तर येते, ‘मला कुठे काय होतंय?’ आणि ते खोटे नसते. अडचण येऊ नये म्हणून तिने आधीच आपला दिवस आकसून घेतलेला असतो.

दुसरी खूण व्यवहारातली. इथे आठवणींपेक्षा वस्तू जास्त खरे बोलतात. महिन्याच्या एक तारखेला रक्तदाबाच्या तीस गोळ्या आणल्या आणि रोजची एक असेल, तर वीस तारखेच्या रात्री पाकिटात दहा उरायला हव्यात. अठरा उरल्या तर गोळ्या चुकताहेत. चार उरल्या तर दोनदा घेतल्या जाताहेत, आणि तो धोका जास्त मोठा. फ्रीजमध्ये दुधाच्या चार पिशव्या, त्यांतल्या दोन फाटलेल्या दुधाच्या. तळाला करपलेली दोन-तीन पातेली ओट्याखाली सरकवलेली. विजेचे बिल एकदा दोनदा भरलेले, एकदा राहिलेले. पासबुकात त्याच आठवड्यात त्याच रकमेचे दोन विड्रॉअल. सुटी सुटी पाहिली तर यांतली कोणतीही गोष्ट कोणाच्याही हातून होईल. सहा महिन्यांत ती साचत गेली, तर तिला अर्थ आहे.

तिसरी खूण चालण्याची. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे, ही साधी चाचणी १९९१पासून वापरात आहे. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका वाढलेला मानतात. घरात चालताना टेबल, भिंत, दाराची चौकट असे आधार शोधत जाणे हेही त्याच जातीचे. एकदा पडून गेल्यावर मनात बसलेली भीती कधीकधी मूळ दुखापतीपेक्षा जास्त हालचाल बंद करते.

चौथ्या मुद्द्यावर डॉक्टर सर्वांत जास्त आग्रही असतात : बदल हळूहळू झाला की अचानक? दोन-चार दिवसांत आई असंबद्ध बोलू लागली, रात्री जागून कपडे गोळा करू लागली, तर ते ‘वय झालं’ नव्हे आणि लगेच स्मृतिभ्रंशही नव्हे. मूत्रमार्गातला संसर्ग, रक्तातले सोडियम घटणे, नवीन औषध किंवा पाणी कमी पडणे यांतून अशी भ्रमावस्था येते आणि तिला तातडीने उपचार लागतात. हळू बदलांतही बरेच काही दुरुस्त होण्याजोगे असते : मोतीबिंदू, कमी ऐकू येणे, थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य, एकमेकांत मिसळून त्रास देणारी औषधे. बाई ठेवण्याआधी तपासणी, याबाबत दुमत नाही.

पाचवे, लांबून अंदाज लागत नाही. रविवारच्या व्हिडिओ कॉलला बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतात आणि वीस मिनिटे छान बोलतात. त्यांना खरे पाहायचे तर दोन पूर्ण दिवस आणि मधली रात्र त्यांच्यासोबत राहावे लागते. रात्री बाथरूमला किती वेळा उठतात, अंघोळीला किती वेळ लागतो, पाणी तापवतात की तशीच उरकतात, हे तेव्हाच कळते.

जिथे मते वेगळी पडतात

*आधीच की वेळ आल्यावर?* एका बाजूचे म्हणणे असे, की मदत उशिरा आली तर ती संकटातच येते. फ्रॅक्चरनंतर घाईघाईत आणलेला अनोळखी माणूस आणि दुखणारे शरीर, दोन्ही एकदम सोसावे लागते. हात-पाय धड असताना ओळख झाली तर पुढचे सोपे जाते. डेन्मार्कने १९९०च्या दशकात कायदाच केला, की पंचाहत्तरीपुढच्या नागरिकांना नगरपालिकेने घरी भेट द्यावी. दुसरी बाजू पुराव्याकडे बोट दाखवते. अशा प्रतिबंधक भेटींच्या ६४ चाचण्यांचा आढावा २०१४मध्ये निघाला. मृत्यू किंवा संस्थेत जाणे सरसकट टळले असे त्यात दिसले नाही. याशिवाय बसल्या जागी पाणी मिळू लागले की उठून पाणी घेण्याची ताकदही जाते, हा फिजिओथेरपिस्टांचा रोजचा अनुभव आहे.

या वादात अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या एका अभ्यासाने वेगळीच भर घातली. सत्तरीपुढच्या ७५४ जणांना दर महिन्याला फोन करून त्यांची क्षमता विचारली गेली. नव्याने परावलंबी झालेल्यांपैकी ८१ टक्के लोक वर्षभरात पुन्हा स्वतःचे स्वतः करू लागले, असे २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. पुष्कळांचे परावलंबन रुग्णालयातल्या एखाद्या मुक्कामानंतर सुरू झाले होते. म्हणजे गरज ही सरळ उतरणीला लागत नाही; ती वरखाली होते. त्यामुळे बरेच तज्ज्ञ आता ‘मदत कायमची की मुदतीची’ असा प्रश्न आधी विचारतात.

*सुरक्षितता की मोकळीक?* अतुल गावंडे यांच्या २०१४च्या ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकामुळे हा मुद्दा घरोघर पोचला. त्यांचे आजोबा सीताराम गावंडे विदर्भातल्या उटी गावी एकशे दहाच्या जवळपास जगले. कॅट्झच्या यादीप्रमाणे मोजले असते तर अमेरिकेत त्यांची रवानगी नर्सिंग होममध्येच झाली असती. इथे भोवताली माणसे असल्याने ते घरातले कर्ते म्हणूनच शेवटपर्यंत राहिले. पुस्तकाचा रोख असा, की माणसाला जपण्याच्या नादात त्याचे जगणे काढून घेऊ नये. याला उत्तर देणारे म्हणतात, की उटीत वीस माणसे होती. कोथरूडच्या दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या ८४ वर्षांच्या बाईंनी गॅस चालू ठेवला तर मोकळीक त्यांच्यापुरती राहत नाही, शेजाऱ्यांपर्यंत जाते.

कायदा इथे मोकळिकीच्या बाजूने झुकतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रत्येक व्यक्तीला उपचारांबाबतचा निर्णय घेता येतो असे गृहीत धरून चालतो, आणि दिव्यांग हक्क कायदा, २०१६ पालकत्वसुद्धा मर्यादित आणि त्या व्यक्तीच्या सल्लामसलतीने असावे असे सांगतो. आपल्याला चुकीचा वाटणारा निर्णय घेतला म्हणून माणूस निर्णय घेण्यास असमर्थ ठरत नाही. स्मृतिभ्रंशात मात्र हे तत्त्व रोज कसोटीला लागते. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे प्राध्यापक हत्तीमागोमाग चालू लागतात. तिथे कुठपर्यंत त्यांची इच्छा आणि कुठून आजार, हे घरच्यांना सांगता येत नाही. खोलीत कॅमेरा लावावा का, हा वाद याच प्रश्नाचे नवे रूप आहे.

*घरचे की बाहेरचे?* आई-वडिलांचे करणे हे कर्तव्य, त्यासाठी पैसे देऊन माणूस ठेवणे म्हणजे जबाबदारी झटकणे, ही भावना अजून घट्ट आहे. त्यातून होणाऱ्या उशिराची एक नोंद गोव्यातून मिळते. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोक स्मृतिभ्रंशाची लक्षणे ओळखत होते, पण त्याला आजार मानत नव्हते; कुणी ते म्हातारपण समजत होते, तर कुणी मुलांनी हेळसांड केल्याचा परिणाम. मदत मागणे म्हणजे त्या हेळसांडीची कबुली देणे ठरते, मग कोण मागणार?

उलट बाजूही तितकीच खरी आहे. मुलाकडून किंवा सुनेकडून अंघोळ घालून घेणे अनेक ज्येष्ठांना नको असते. परक्या पण कामात मुरलेल्या हातांपुढे त्यांना कमी ओशाळे वाटते. पुरुषांना ‘मामा’ हवे असतात आणि असे कर्मचारी कमी मिळतात. ‘आमच्यातलीच बाई मिळेल का’ ही विचारणा ब्युरोंना आजही होते. दारात आलेल्या बाईला स्वयंपाकघरात येऊ द्यायचे की नाही, यावरून पहिल्याच दिवशी काम मोडते. शुश्रूषेच्या चर्चेत जातीचा हा भाग क्वचितच उघड मांडला जातो.

*माणूस की घर?* चौथी भूमिका तुलनेने नवी. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सेरा शँटन यांच्या ‘केपेबल’ कार्यक्रमात परिचारिका, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि दुरुस्तीची कामे करणारा कारागीर अशा तिघांनी कमी उत्पन्नाच्या वृद्धांच्या घरी जायचे. माणसाला काय करायचे आहे ते विचारायचे आणि त्याप्रमाणे कठडा, उजेड, पायरी, व्यायाम यांची सोय करायची. पाच महिन्यांत आठपैकी अडचणीच्या क्रियांची सरासरी ३.९वरून २.०वर आली. आपल्याकडे बाथरूममधली गुळगुळीत टाइल, अर्धा फूट उंच उंबरा आणि कठडा नसलेला कमोड बदलायला महिन्याभराच्या बाईच्या पगाराएवढाही खर्च येत नाही, असे या भूमिकेचे समर्थक सांगतात. टीकाकारांचे म्हणणे : भाड्याच्या घरात, चाळीत हे जमत नाही, घरी येणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट मोजक्याच शहरांत आहेत, आणि कठडा लावल्याने एकटेपणा जात नाही.

सांभाळणाऱ्याची बाजू

सुरुवातीच्या मोजपट्ट्यांत फक्त वृद्ध व्यक्ती होती. १९८०मध्ये स्टीव्हन झरिट आणि सहकाऱ्यांनी सांभाळणाऱ्यावरचा भार मोजणारी प्रश्नावली दिली आणि चित्रातली दुसरी व्यक्ती दिसू लागली. आपल्याकडे ही बहुधा सून, लेक किंवा स्वतः पंचाहत्तरीतली पत्नी. तिची झोप मोडते, कंबर जाते, नोकरी सुटते.

गोव्यातल्या दोन तालुक्यांत अमित डायस आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या ८१ कुटुंबांसोबत एक चाचणी केली. ती २००८मध्ये प्रसिद्ध झाली. प्रशिक्षण दिलेले स्थानिक सल्लागार घरी जात, आजार समजावत, वागणूक कशी हाताळायची ते दाखवत आणि गरज पडली तर डॉक्टरांची गाठ घालून देत. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्यामुळे कमी झाला. महागडी साधने किंवा पदवीधर परिचारिका यांशिवाय हे साधले, म्हणून हा अभ्यास आजही आधाराला घेतला जातो.

मग प्रश्न येतो : सून थकली, म्हणून सासूबाईंना मदतीची गरज आहे असे म्हणायचे का? बरेच अभ्यासक ‘हो’ म्हणतात, कारण थकलेला माणूस चुका करतो, खेकसतो, कधी हातही उगारतो. काहींचा आक्षेप असा, की मग एकाच प्रकृतीच्या दोन व्यक्तींची गरज वेगवेगळी ठरेल आणि निर्णयाचा केंद्रबिंदू वृद्ध व्यक्तीकडून सरकेल. घरच्यांनी भरलेल्या प्रश्नावलीत परावलंबन स्वतः ज्येष्ठांनी सांगितलेल्यापेक्षा जास्त दिसते, आणि भार जितका जास्त तितका हा फरक वाढतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

पैसा, कायदा आणि दर्जा

काही देशांत ‘वेळ झाली का’ याचे उत्तर कुटुंबाने द्यायचे नसते. जपानने २००० साली दीर्घकालीन शुश्रूषा विमा सुरू केला. चाळिशीपासून हप्ता, गरज वाटली की नगरपालिकेचा माणूस घरी येऊन मोजमाप घेणार, आणि आधाराच्या दोन व शुश्रूषेच्या पाच श्रेणींपैकी एक देणार. मिळतात त्या सेवा. रोख रक्कम नाही. जर्मनीत १९९५पासून असाच विमा आहे, २०१७पासून तिथेही पाच श्रेणी आहेत. पण तिथे रोख रक्कम घेऊन घरच्यांनी काळजी घेण्याचीही मुभा आहे. जपानने रोख टाळली, कारण ती सुनेला पुन्हा घरात बांधून ठेवेल अशी भीती होती. रोखीचे समर्थक म्हणतात, जे काम ती करतेच आहे त्याचे मोल तरी व्हावे.

भारतात अशी सार्वत्रिक व्यवस्था नाही. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले, पण ते रुग्णालयातल्या उपचारांचे. घरातल्या मावशीच्या पगाराचे नव्हे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा २००७चा. त्यात निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना दहा हजार रुपये ठेवली आहे. शहरातल्या चोवीस तासांच्या मदतीला ती पुरत नाही. ही मर्यादा काढणारे आणि घरपोच सेवेचा स्पष्ट उल्लेख असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत आले, पण संमत झाले नाही. नीती आयोगाने फेब्रुवारी २०२४मध्ये ज्येष्ठांच्या शुश्रूषेवर स्वतंत्र टिपण काढले. तक्रार आणि मार्गदर्शनासाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. केरळने मात्र २००८च्या उपशामक सेवा धोरणाने पंचायतींमार्फत परिचारिका घरी पाठवण्याची घडी बसवली. पैशांपेक्षा स्थानिक स्वयंसेवकांच्या जाळ्यावर ती उभी आहे.

दर्जाची बाजू त्याहून कच्ची. घरपोच शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थांना देशभर लागू असा वेगळा परवाना नाही. कौशल्य विकास योजनांत घरगुती आरोग्य साहाय्यकाचे अभ्यासक्रम आहेत; पण प्रमाणपत्र असलेली मावशी आणि काल गावाकडून आलेली मावशी यांच्या दरात आणि पोशाखात फरक दिसेलच असे नाही. पोलीस पडताळणी घरच्यांनाच आठवणीने करावी लागते. दुसरीकडे, चोवीस तासांच्या मावशींना झोप किती, साप्ताहिक सुट्टी कधी, ब्युरोचे कमिशन किती कापले जाते, हे प्रश्न आहेतच. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८मध्ये झाला. तरी रात्रभर जागणाऱ्या शुश्रूषा करणाऱ्या बाईच्या कामाचे तास कोण मोजणार, याचे ठाम उत्तर त्यातून मिळत नाही.

अनुत्तरित प्रश्न

अभ्यासांतून खुणा कळतात, रेषा कळत नाही. किती क्रिया अडल्या, किती वेळा पडणे झाले म्हणजे माणूस ठेवावा, याचा भारतीय घरांना लागू पडेल असा सर्वमान्य आकडा नाही. जमिनीवर बसून जेवणाऱ्या, भारतीय पद्धतीचा संडास वापरणाऱ्या, बादलीने अंघोळ करणाऱ्या माणसासाठी क्लीव्हलँडची यादी किती जुळवून घ्यायची, हे ज्याच्या त्याच्यावर सोडलेले आहे.

निर्णय कोणी घ्यायचा, हे दुसरे. जवळ राहणारा मुलगा रोजचे झिजणे पाहतो, म्हणून त्याला बदल दिसत नाही. डिसेंबरात परदेशातून आलेल्या मुलीला तो एकदम दिसतो, पण तिला रोजचे तपशील माहीत नसतात. खर्च ती करते, बाईशी बोलणी तो करतो. दोघांच्या मतांत अंतर पडले तर निवाडा कोणी करावा, याची आपल्याकडे ना संस्था आहे ना रीत. ज्यांना मुलेच नाहीत, त्यांचा विचार तर याहून मागे आहे.

तिसरा प्रश्न खेड्यांचा. तरुण पिढी शहरात गेलेल्या गावांत ब्युरोही नाही आणि घरी जाऊन पाहणारी वृद्धोपचार सेवाही नाही. गोवा आणि केरळचे प्रयोग तिथे कितपत चालतील, हे करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. चौथा प्रश्न साधनांचा : हातातले घड्याळ पडल्याची सूचना देते, पण सूचना मिळाल्यावर दार उघडून आत जाणारे कोण, हे घड्याळ सांगत नाही.

सध्या हाती काय आहे

इतक्या मतभेदांतूनही कामापुरता एक क्रम हाती येतो. आधी बदल कधीपासून आणि किती वेगाने झाला ते नोंदवावे. मग दुरुस्त होण्याजोगे कारण आहे का ते डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. त्यानंतर घरात काय बदलता येईल ते पाहावे. तरीही जे अंतर उरेल ते दिवसाच्या तासांत मांडावे : अडचण सकाळच्या अंघोळीला आहे, दुपारच्या जेवणाला आहे, की रात्रीच्या बाथरूमला? सोबतीला सांभाळणाऱ्याची झोप आणि प्रकृती किती टिकेल, याचा हिशेब हवा. आणि ज्यांच्यासाठी हे चालले आहे त्यांना कोणती गोष्ट स्वतःच्या हातात ठेवायची आहे, हे त्यांनाच विचारायला हवे.

असे तास मांडले की ‘माणूस ठेवायचा की नाही’ हा हो-नाहीचा प्रश्न सुटा होतो. पुष्कळ घरांना सुरुवातीला सकाळचे दोन तास पुरतात. काहींना फक्त रात्रपाळी लागते. काहींना शस्त्रक्रियेनंतरचे दोन महिने. येलच्या अभ्यासाने दाखवलेले वरखाली होणे लक्षात घेतले, तर ठरवलेले तास दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला हवेत आणि गरज घटली तर ते कमीही करायला हवेत. भाऊ-बहिणींचे एकमत होईपर्यंत थांबण्यापेक्षा एवढ्यावर सहमती मिळवणे सोपे असते, आणि आई-बाबांनाही दोन तासांचा करार चोवीस तासांच्या पहाऱ्यापेक्षा लवकर पटतो.